तमिळ वैद्यक किती जुने, किती तमिळ?

सिद्धवैद्यकाचा विषय निघाला की दोन ठाम मते समोर येतात. पहिले मत तामिळनाडूत सर्रास ऐकू येते. हे वैद्यक शिवाने पार्वतीला सांगितले, तिच्याकडून ते नंदीला आणि पुढे अठरा सिद्धांना मिळाले, अगस्त्य हे त्यांतले आद्य. ते आयुर्वेदाहून जुने आहे आणि संस्कृताचे त्यावर काही देणे नाही. दुसरे मत उत्तरेकडच्या आणि आपल्याकडच्याही अनेक वैद्यांचे आहे. सिद्ध म्हणजे तमिळमध्ये सांगितलेला आयुर्वेदच, फक्त पाटी वेगळी. पहिल्या मतामागे भाषेचा अभिमान आहे आणि दुसऱ्यामागे शास्त्र एकच असल्याचा. अभिमान वाईट नसतो, पण इतिहासाचा निवाडा त्याच्यावर सोपवता येत नाही. शिलालेख, पोथ्या, औषधांच्या याद्या आणि दरबारी कागद एकत्र ठेवून पाहिले तर दोन्ही मते पडतात. सिद्धवैद्यकाची तत्त्वे भारतभरच्या वैद्यकाशी सामायिक आहेत, त्याची स्वतःची घडण मध्ययुगातली आहे, आणि त्याची वेगळी ओळख विसाव्या शतकात पक्की झाली. मराठी वाचकाने यात लक्ष घालायला एक सबळ कारण आहे. तमिळ वैद्यकाच्या प्रत्यक्ष व्यवहाराचा एक महत्त्वाचा लेखी ठेवा भोसल्यांच्या तंजावरात तयार झाला, आणि त्या दरबाराचे दप्तर मोडीत लिहिले जात होते.

आधी तत्त्वे पाहू, कारण उगमाच्या वादाचे अर्धे उत्तर त्यांतच आहे. सिद्धवैद्यकाचा पाया आपल्याला ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ या वचनाने परिचित आहे. विश्व ज्या पंचमहाभूतांचे, त्यांचेच शरीर. देह, इंद्रिये, मन, नाड्या आणि अवस्था यांची मोजदाद ९६ तत्त्वांत केली आहे. त्या सगळ्याचा कारभार वात, पित्त आणि कफ पाहतात, ज्यांना तमिळमध्ये वळि, अळल आणि ऐयम् अशीही नावे आहेत. या तिघांचा तोल सुटला की रोग होतो, आणि परंपरा रोगांची संख्या ४,४४८ सांगते. सात धातू, सहा रस, आहार हेच पहिले औषध, पथ्य पाळल्याशिवाय मात्रा लागू पडत नाही, यांपैकी काहीच वाग्भट वाचलेल्या माणसाला परके वाटणार नाही. औषधे ३२ प्रकारची पोटात घ्यायची आणि ३२ प्रकारची बाहेरून लावायची, अशी विभागणी आहे. पोटातल्या औषधांत काढा आणि चूर्ण यांपासून भस्मापर्यंत सगळे येते. ही मांडणी तमिळ आहे, तिची शिस्त स्वतःची आहे. पण त्रिदोषांचा पाया सामायिक आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

निदानाकडे वळलो की हे नाते अधिक बारकाईने दिसते. सिद्धवैद्य रुग्णाला आठ अंगांनी तपासतो: नाडी, स्पर्श, जीभ, वर्ण, वाणी, डोळे, मल आणि मूत्र. यातली मूत्रपरीक्षा सगळ्यांत लक्षवेधी. पहाटेचे पहिले मूत्र भांड्यात घ्यायचे, वारा लागणार नाही अशा जागी उजेडात ठेवायचे आणि काडीच्या टोकाने तिळाच्या तेलाचा एकच थेंब अलगद सोडायचा. मग भांडे न हलवता थेंबाकडे पाहत राहायचे. तो सापासारखा लांबला तर वात, कड्यासारखा गोल पसरला तर पित्त, मोत्यासारखा एका जागी ठरला तर कफ. हे वाचून कुणालाही वाटेल की ही खास तमिळ मातीतली विद्या असावी. पण महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या घरोघरी असलेला आणि पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेला योगरत्नाकर उघडा. त्यातही आठ स्थानांची परीक्षा आहे, आणि आठांपैकी सात तीच आहेत; तमिळमध्ये वर्ण आहे तिथे संस्कृतात आकृती आहे, एवढाच फरक. तेलाचा थेंबही तिथे आहे: वाताला साप, पित्ताला छत्री, कफाला मोती. योगरत्नाकर हा साधारण सतराव्या शतकाच्या सुमाराचा संग्रहग्रंथ. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाही. ती शार्ङ्गधरसंहितेपासून, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकापासून, संस्कृत वैद्यकात ठळक होते. म्हणजे सिद्धवैद्यकाचे खास म्हणून दाखवले जाणारे निदान आणि आपल्याकडच्या उत्तरकालीन आयुर्वेदाचे निदान एकाच काळात, एकाच देवघेवीत घडले आहे. कोणी कुणाचे घेतले हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. वैद्य, जोगी आणि पोथ्या यांची ये-जा दोन्ही बाजूंनी चालू होती, एवढे या साम्यातून स्पष्ट होते.

मग सिद्ध म्हणजे तमिळमधला आयुर्वेदच, असे म्हणणाऱ्यांचे खरे ठरले का? नाही, आणि याचा पुरावा त्याच नाडीत सापडतो. शार्ङ्गधर वाताच्या नाडीला जळू आणि साप यांची चाल देतो, पित्ताला कावळा-बेडकाची आणि कफाला हंस-कबुतराची. सिद्धवैद्यकात हंस, मोर आणि कोंबडी वाताकडे आहेत, कासव आणि जळू पित्ताकडे, तर साप आणि बेडूक कफाकडे. प्राण्यांचा ताफा बहुतेक तोच, जागा मात्र उलटल्या आहेत. वयाचेही तसेच. आयुर्वेद सांगतो की बालपणी कफ प्रबळ, म्हातारपणी वात. सिद्धांच्या मते बालपणी वात आणि म्हातारपणी कफ. नीरोगी नाडीत वात, पित्त, कफ यांचे प्रमाण एक, अर्धा आणि पाव असे असावे, हा त्यांचा नियम आहे. शरीर वाताने सुरू होते आणि कफाने थांबते, अशी त्यामागची दृष्टी दिसते. नुसते भाषांतर करणारा माणूस असा पाया उलटवत नाही. पूर्ण वेगळ्या परंपरेतून आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या नाडीतले प्राणीही सुचणार नाहीत. एकाच सामग्रीतून विचार करून वेगळे शास्त्र मांडणारे वैद्यच हे करू शकतात. वर्मविद्येतही हेच दिसते. सुश्रुताची मर्मे १०७, तमिळ वर्मे १०८; पण कन्याकुमारीकडच्या आशानांनी, म्हणजे गुरूंनी, लाठी-कुस्तीच्या आखाड्यांतून, हाड बसवण्यातून आणि मुका मार उतरवण्यातून तिचा जो हातखंडा तयार केला, त्याला संस्कृत ग्रंथांत जोड नाही.

आता उगम. तमिळ साहित्यातला वैद्यकाचा सर्वांत मोलाचा जुना पुरावा तिरुक्कुरळमध्ये आहे. तिरुवळ्ळुवरांनी औषधावर एक पूर्ण अध्याय, म्हणजे दहा द्विपदी, लिहिला आहे. तिथे वातापासून मोजलेल्या तीन दोषांचा उल्लेख आहे, आणि रुग्ण, वैद्य, औषध व परिचारक असे उपचाराचे चार पाय सांगितले आहेत. चरकाचा चतुष्पाद तो हाच. त्याच काळाच्या आसपासच्या तीन नीतिग्रंथांना औषधांचीच नावे आहेत: सुंठ-मिरे-पिंपळीचे त्रिकटु, लघुपंचमूळ आणि एलादि. काव्याला औषधाचे नाव द्यावे इतकी ही औषधे समाजात मुरली होती. पुढे चोळांच्या काळात आपल्याला थेट एका रुग्णालयात डोकावता येते. कांचीपुरमजवळच्या तिरुमुक्कूडलच्या मंदिरात वीरराजेंद्र चोळाचा, इ. स. १०६८ च्या सुमाराचा, प्रदीर्घ शिलालेख आहे. वेदपाठशाळेतल्या विद्यार्थ्यांसाठी आणि मंदिराच्या सेवकांसाठी तिथे १५ खाटांचे रुग्णालय होते. वैद्याला वर्षाला ९० कलम (धान्याचे माप) भात आणि ८ काशू (नाणी) मिळत. शस्त्रवैद्य, औषधी गोळा करणारे दोघे, शुश्रूषा करणाऱ्या दोघी, पाणक्या आणि न्हावी यांच्या वेतनाच्या नोंदी आहेत, आणि रात्री दिव्याला किती तेल हेही लिहिले आहे. सुमारे वीस औषधांचा साठा कायम ठेवायचा होता, त्यात दशमूलहरीतकी, भल्लातकहरीतकी, बलाकेरंडतैल, कल्याणकलवण, पुराणघृत अशी नावे. सगळी संस्कृत, आणि पुष्कळशी चरकाच्या वळणाची. तिरुवावडुदुरैच्या विक्रम चोळकालीन लेखात तर चरक आणि अष्टांगहृदय शिकवण्याची सोय नोंदवली आहे. अठरा सिद्धांचे नाव यात कुठेच नाही.

इथे तमिळ अभिमानी एक आक्षेप घेतील आणि तो वजनदार आहे. शिलालेख मंदिराचा, पैसा राजाचा, वैद्य ब्राह्मण. तिथे संस्कृतच असणार. गावातल्या वैद्याने, हाड बसवणाऱ्याने, सुइणीने काय केले हे दगडावर कोण कोरणार? तमिळ प्रदेशात वैद्यकीचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांत न्हाव्याचा व्यवसाय करणारी जात मोठ्या संख्येने होती, आजही तिचे नाव मरुत्तुवर, म्हणजे वैद्य, असे आहे, आणि तिच्यातल्या बायका बाळंतपणे करत. महाराष्ट्रातही जळवा लावणे, तुंबड्या लावणे, गळू कापणे ही कामे न्हाव्याकडे होती आणि कोणत्याही संस्कृत पोथीने त्याला मान दिला नाही. तेव्हा लेखी पुरावा नाही म्हणून विद्याच नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हे मी पूर्णपणे मान्य करतो. पण या मान्यतेतून जे निघते ते एवढेच की लोकवैद्यकाचा एक मोठा प्रवाह नोंदीबाहेर वाहत होता. त्यातून दहा हजार वर्षांचे वय निघत नाही, आणि समुद्रात बुडालेल्या कुमरिखंडात हे शास्त्र जन्मले, असेही निघत नाही. बुडालेल्या खंडाची ती कल्पना लेमूर नावाच्या प्राण्याच्या प्रसाराचा उलगडा करण्यासाठी फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ साली मांडली होती. भूखंडे सरकतात हे कळल्यावर भूशास्त्राला तिची गरज उरली नाही. लोकवैद्यांच्या अनाम कष्टांना मान द्यायचा तर त्यांच्या विद्येला खोट्या प्राचीनतेचा मुकुट घालणे हा त्याचा मार्ग नव्हे.

सिद्ध हे नाव ज्यांच्यावरून आले त्यांच्याकडे पाहिले की मराठी वाचकाला एकदम घरच्यासारखे वाटते. अठरांच्या याद्या ठिकठिकाणी वेगळ्या आहेत, पण त्यांत तिरुमूलर, बोगर, कोंगणर, तेरैयर यांच्याबरोबर कोरक्कर आणि मच्चमुनी भेटतात. हे आपले गोरक्ष आणि मच्छिंद्र. ज्या नाथपरंपरेतून गहिनीनाथांमार्फत निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर आले, तिचेच जोगी दक्षिणेत औषध आणि किमया सांगताना दिसतात. देह हा नाशवंत म्हणून टाकायचा नाही, तो साधनेने आणि रसाने टिकवायचा, ही नाथांची ओढ. तिरुमूलरांच्या सुमारे तीन हजार पद्यांच्या तिरुमंदिरमध्येही देह जपण्याचा हा विचार ठामपणे आहे. त्यातूनच कायकल्पाची औषधे आली, पारा-गंधकाची प्रक्रिया आली, ६४ पाषाणांची गणना आली. पळणीच्या मुरुगन मंदिरातली मूर्ती बोगरने नऊ पाषाणांतून घडवली, अशी श्रद्धा आहे. संस्कृतातल्या रसशास्त्राचा बहरही याच मध्ययुगातला. आणि सिद्धांच्या नावावर चालणारे वैद्यकाचे तमिळ ग्रंथ, कामिल झ्वेलेबिलसारख्या अभ्यासकांनी भाषेवरून दाखवल्याप्रमाणे, बरेचसे आणखी अलीकडचे आहेत. त्याची एक खूण औषधातच आहे. पोर्तुगीजांच्या येण्यानंतर हिंदुस्थानात उपदंश पसरला आणि त्यावर चीनकडून येणारी चोपचिनी वापरात आली. भावप्रकाशात तो फिरंगरोग म्हणून सोळाव्या शतकात नोंदला गेला. तीच चोपचिनी सिद्धवैद्यकात परंगिपट्टै या नावाने मानाचे औषध आहे. म्हणजे हे शास्त्र सोळाव्या शतकानंतरही नवे रोग पाहत होते, नवी मुळी पारखत होते आणि आपल्या पोथीत लिहून घेत होते. ऋषीच्या नावावर लिहायची रीत होती म्हणून लिहिणाऱ्याचे नाव हरवले. त्याची बुद्धी मात्र औषधात उरली आहे. मला तरी हे चिरंतन, न बदलणाऱ्या शास्त्रापेक्षा अधिक आदरणीय वाटते.

ही देवघेव डोळ्यांनी पाहायची असेल तर तंजावरला जावे लागते. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी राहिली. या दरबारात वैद्यकाची आस्था पहिल्यापासून होती. शहाजी आणि त्यांचे भाऊ सरफोजी यांच्या काळातला मंत्री आनंदरायमखी याने जीवानंदन नावाचे संस्कृत नाटक लिहिले. त्यात शरीर हे नगर, जीव हा राजा, विज्ञानशर्मा त्याचा मंत्री, आणि राजयक्ष्मा रोगांची फौज घेऊन चालून येतो. राजाला विजय मिळतो तो शिव-पार्वतीच्या कृपेने लाभलेल्या पारा आणि गंधकाच्या बळावर. तमिळ सिद्ध ज्या रसांवर विसंबत, त्याच रसांची महती तंजावरचा संस्कृत नाटककार गात होता, हे ध्यानात घ्यावे. तुळजाराजाच्या नावावर धन्वंतरिविलास हा वैद्यकग्रंथ आहे. दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांच्या हाती तर फारशी सत्ता उरलीच नव्हती. १७९९ च्या तहाने राज्य कंपनीकडे गेले आणि त्यांच्याकडे किल्ला, नेमणूक आणि ग्रंथ राहिले. मिशनरी श्वार्ट्झच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने धन्वंतरी महाल चालवला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यकाची औषधे शेजारी शेजारी तयार होत आणि अनुभवाला उतरलेले पाठ नोंदले जात. हे पाठ दरबारच्या विद्वानांनी तमिळ पद्यांत बांधले. सरस्वती महाल ग्रंथालयाने ते ‘शरभेंद्र वैद्यमुरैगळ’ या नावाने रोगवार खंडांत छापले आहेत, आणि सिद्धवैद्य आजही त्यांचा आधार घेतात. सरफोजी स्वतः युरोपीय शल्यवैद्याच्या साथीने मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत. रुग्णांच्या नोंदी आणि सोबत काढलेली डोळ्यांची चित्रे त्या ग्रंथालयात आहेत. मराठी राजा, तमिळ पद्य, संस्कृत रस, इंग्रजी शस्त्र. धन्वंतरी महालातल्या वैद्याला तुझे शास्त्र नेमके कोणते, असे विचारले असते तर त्याने रोगी दाखवला असता.

तंजावरचे कागद उरले म्हणून आपण हे म्हणू शकतो, याची जाणीव ठेवायला हवी. ज्या दुसऱ्या मराठी राजधानीत, नेवाळकरांच्या झाशीत, असेच ग्रंथालय होते तिथे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.  त्या राज्याचा ग्रंथसंग्रह एवढा नावाजलेला होता की काशीचे पंडितही तिथून नकला मागवत, अशी नोंद वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’मध्ये केली आहे. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर लुटले तेव्हा तो संग्रह नासला, आणि गोडसे ते पाहायला तिथेच होते. आज झाशीत आयुर्वेदाचे सरकारी महाविद्यालय आहे, बैद्यनाथचा मोठा कारखाना आहे; तिथल्या बाजारात काढे, चूर्ण आणि अवलेह विकत घेणाऱ्याला आयुर्वेद हा अखंड, एकसारखा आणि डबाबंद असाच भेटतो. पण बुंदेलखंडातल्या वैद्यांनी, जोग्यांनी, हकिमांनी मिळून तिथे कोणती औषधे घडवली असतील त्याचा दरबारी साक्षीदार राहिला नाही. म्हणून तंजावरवरून मी असा निष्कर्ष काढत नाही की ही देवघेव फक्त तिथेच झाली. उलट ती सगळीकडे होत असावी आणि आपल्याला एका ठिकाणची दिसते आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. ‘शुद्ध’ आयुर्वेद आणि ‘शुद्ध’ सिद्ध या दोन्ही कल्पना अशा गहाळ कागदांच्या जागी उभ्या राहिल्या आहेत.

मग वेगळेपणाची भिंत उभी केव्हा राहिली? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तमिळ समाजात भाषेचे आणि जातीचे नवे भान आले. सिद्धवैद्य म्हणून नावाजलेले पंडित अयोत्तिदासर (१८४५–१९१४) यांनी अस्पृश्य समाजाला तमिळ बौद्ध वारसा सांगितला. तंजावरातच अब्राहम पंडितर (१८५९–१९१९) या तमिळ ख्रिस्ती सिद्धवैद्याने औषधांवर मिळवलेला पैसा तमिळ संगीताच्या संशोधनाला लावला. ब्राह्मणेतर, दलित, ख्रिस्ती अशा वैद्यांना संस्कृताच्या आश्रयाखाली नसलेले शास्त्र आपले वाटले, यात नवल नाही. ती सन्मानाची मागणी होती. मद्रास सरकारने नेमलेल्या महंमद उस्मान समितीचा अहवाल १९२३ मध्ये आला. तिचे चिटणीस श्रीनिवासमूर्ती यांचा कल भारतीय वैद्यक एक मानण्याकडे होता, तर अनेक तमिळ वैद्यांनी आपले शास्त्र वेगळे असल्याचे ठासून सांगितले. पुढच्या दोन वर्षांत मद्रासला सरकारी शाळा निघाली, तिथे आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी असे तीन वेगळे वर्ग झाले, आणि अभ्यासक्रम, पदवी, नोकरी यांच्या जोरावर भिंत पक्की झाली. १९६४ मध्ये पाळैयंकोट्टै येथे महाविद्यालय, १९७० च्या केंद्रीय कायद्यात स्थान, २००५ मध्ये ताम्बरमला राष्ट्रीय सिद्ध संस्था, २०१० मध्ये स्वतंत्र संशोधन परिषद. रिचर्ड वाइस यांनी २००९ मधल्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की या वैद्यांच्या इतिहासकथनात तमिळ राष्ट्रभावना किती खोल गेली आहे. यावर कुणी म्हणेल की मग सिद्ध ही विसाव्या शतकाने रचलेली गोष्ट झाली. तसे मुळीच नाही. औषधे, हातोटी, नाडीचे उलटलेले प्राणी, वर्माचे आखाडे हे सगळे आधीचे आहे. विसाव्या शतकाने त्याला सरकारी नाव आणि हद्द दिली. आपल्या आयुर्वेदाचेही महाविद्यालयीन रूप त्याच शतकात तयार झाले, हे मराठी माणसाने विसरू नये.

उगम जुना ठरला तरी औषध गुणकारी ठरत नाही आणि अलीकडचा ठरला तरी निरुपयोगी ठरत नाही. दोन्ही बाजूंचे लोक हे विसरतात, म्हणून वय वाढवण्याचा एवढा अट्टहास होतो. २०२० च्या साथीत तामिळनाडू सरकारने वाटलेले कबसुर कुडिनीर घ्या. पंधरा औषधींच्या या काढ्यात सुंठ, पिंपळी, लवंग, अक्कलकारा, हिरडा, अडुळसा, कोष्ठ, गुळवेल, भारंगी, किराईत, पहाडवेल, नागरमोथा आहेत. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या जाणत्या आजीला यातली बहुतेक ओळखता येतील. त्याने ताप-खोकल्यात आराम पडतो असा अनेकांचा अनुभव आहे, काही छोट्या चाचण्याही झाल्या; पण करोना बरा झाला असा दावा करण्याइतका पुरावा त्यांतून मिळाला नाही. धातूंच्या औषधांबाबत तर अधिक कडक राहावे लागेल. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. सिद्धवैद्यकात पाऱ्याचे आणि पाषाणांचे स्थान त्याहून मध्यवर्ती आहे. शोधन नीट झाले की विष अमृत होते, हे उत्तर परंपरेत आहे, आणि शोधनाची प्रक्रिया खरोखर कष्टाची व नेमकी आहे. तरीही प्रत्येक घाण्यातल्या औषधाची प्रयोगशाळेत तपासणी होऊन निकाल डबीवर छापला गेला पाहिजे. ज्या परंपरेने स्वतः तेलाच्या थेंबाकडे इतक्या एकाग्रतेने पाहिले, तिने आपल्या भस्माकडे तसे पाहायला लाजण्याचे कारण नाही. धातूंची औषधे मूत्रपिंडाच्या रुग्णांना, गर्भवतींना आणि लहान मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय देऊ नयेत, हे मी इथे स्पष्टपणे लिहितो.

सरस्वती महाल १९१८ पासून सार्वजनिक ग्रंथालय आहे. तिथे तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत आणि दरबाराच्या मोडी दप्तराचे गठ्ठे वेगळेच. तमिळ विद्वानांनी तमिळ पद्ये छापली, संस्कृत पंडितांनी संस्कृत ग्रंथ छापले, शरभेंद्र पाकशास्त्रही प्रसिद्ध झाले. पण वैद्यकाच्या खर्चाच्या याद्या, औषधांच्या मागण्या, वैद्यांच्या नेमणुका यांचे कागद वाचायला मोडी यावी लागते, आणि सिद्धवैद्यकावर लिहिणाऱ्या अभ्यासकांत मोडी जाणणारे विरळ. पुणे, कोल्हापूर, मुंबईत दरवर्षी मोडीचे वर्ग भरतात, हौसेने शिकणारे तरुण पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींनी तमिळ जाणणाऱ्या अभ्यासकांना जोडीला घेऊन तंजावरच्या या दप्तराला हात घालावा, आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात.